वाचकांचे प्रश्न : विली ओ'री आणि आइस हॉकी

प्रश्न : नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेतील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू विली ओ'री यांना एका डोळ्याने दिसत नसे, हे खरे आहे काय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : होय. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथे १९३५ साली जन्मलेल्या ओ'री यांच्या उजव्या डोळ्यावर तरुणपणीच, खेळताना, आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती रबराची कठीण चकती आदळली आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. ही गोष्ट लपवूनच ते १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टन ब्रुइन्स संघाकडून मॉन्ट्रियलविरुद्ध नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरले. डाव्या बगलेवरून खेळताना चकती पाहण्यासाठी त्यांना मान पूर्ण उजवीकडे वळवावी लागे. पुढे लॉस एंजेलिसच्या संघात त्यांना उजव्या बगलेवर आणल्यावर शाबूत डोळा खेळाच्या बाजूला आला आणि गोलांची संख्या वाढली. (इतका साधा उपाय आधी कोणाला सुचला नाही, कारण दोषच कोणाला ठाऊक नव्हता!)

नॅशनल लीगमध्ये मात्र त्यांच्या वाट्याला ४५ सामने आणि ४ गोल एवढेच आले. प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी शिव्या सोसूनही त्यांनी इतर लीगमधील खेळ चाळिशीपर्यंत सोडला नाही. २०१८ मध्ये त्यांना हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, तर २०२२ मध्ये ब्रुइन्सने त्यांचा जर्सीवरील २२ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला (म्हणजे तो पुन्हा दुसऱ्या खेळाडूला दिला जात नाही).