क्वार्टर : ती, ते आणि तो

प्रश्न : माझं लहानपण भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, लग्न होऊन नाशिकला आले. मुलगी सध्या अमेरिकेत शिकते. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई थांब, माझ्याकडचे क्वार्टर संपलेत, घेऊन येते मग मशीन लावते." शेजारी सासूबाई बसलेल्या, त्यांचा चेहराच उतरला, कारण आमच्या गल्लीत क्वार्टर म्हटलं की एकच अर्थ. नंतर कळलं की कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकायची ती नाणी. पण एकच शब्द घराला, दारूला आणि नाण्याला कसा काय?

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा की पोरगी अगदी सरळ आहे, काळजी नको. आणि प्रश्न इतका छान विचारलात की याच्यावर मी दोन दिवस विचार करत होते.

या सगळ्याच्या मुळाशी फक्त चार आहे. लॅटिनमध्ये क्वार्टस म्हणजे चौथा, आणि तो शब्द आपल्या चतुर्थचा भाऊबंदच आहे, एकाच घराण्यातला. तिथून फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, अर्थ साधा, चौथा हिस्सा. मुलीचं नाणं म्हणजे डॉलरचा चौथा हिस्सा, २५ सेंट. आता शंभराचे भाग करायचे तर वीस-वीसचे का नाही केले? तर त्याचं कारण जुनं आहे, अमेरिकेत आधी स्पॅनिश डॉलर चालायचा आणि त्याचे आठ भाग असायचे, रियाल म्हणायचे, त्यामुळे अर्धा आणि पाव हेच हिशेब लोकांच्या हातात बसलेले, म्हणून १७९६ मध्ये स्वतःचं नाणं पाडलं तेही पाव डॉलरचंच. आपलं तरी काय वेगळं होतं, रुपयाचे १६ आणे, आणि चार आण्यांची ती पावली. १९५७ ला नवे पैसे आले तरी २५ पैशाला लोक चार आणेच म्हणत राहिले. ३० जून २०११ पासून ते नाणं बाद झालं, माझ्याकडे अजून चार-पाच पडलेली आहेत आणि टाकवत नाहीत.

बाटलीचं पण तेच, फुल म्हणजे ७५० मिली, त्याची पाव म्हणून क्वार्टर. फक्त हिशेब तंतोतंत नाही, क्वार्टर १८० ची असते, चार जोडल्या तर ७२० होतात, खंब्यात, म्हणजे फुल बाटलीत, ३० मिली जास्तच राहतं.

घराची गोष्ट मात्र खरी रंगतदार आहे. भुसावळच्या तुमच्या दोन खोल्या कशाचा चौथा भाग होत्या? कशाचाच नाही. इथे शब्द हिश्शावरून दिशेवर गेला. दिशा चार, म्हणून क्वार्टर म्हणजे एक बाजू, मग बाजू म्हणजे गावाचा एखादा भाग, मग त्या भागात सैनिकांना राहायला दिलेली जागा, आणि मग नोकरीबरोबर मिळणारं घर. पॅरिसचं लॅटिन क्वार्टर, न्यू ऑर्लिन्सचं फ्रेंच क्वार्टर हे त्यातलेच, वस्ती या अर्थाचे, आणि आपल्या तोंडात बसलेलं हेडक्वार्टर पण तिथलंच. मराठीनं सुद्धा चारावरून अशीच वाट काढलीय बघा, चहूकडे, चौफेर, चौक, यात कुठे आपण चार मोजतो?

आणि एक गंमत तुमच्या पत्रामुळेच लक्षात आली. आपण मराठीत बाटलीला 'ती क्वार्टर' म्हणतो, घर असलं की 'मोठं क्वार्टर मिळालं' म्हणतो, आणि हॉकीची मॅच लागली की 'तिसरा क्वार्टर संपला'. बाटली ती, घर ते, डाव तो. शब्द परका पण लिंग आपण आपल्या वस्तूवरून लावलं, कुणी शिकवलं नाही, आपोआप. मला याचं फार कौतुक वाटतं, भाषा जिवंत आहे याचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे.

प्रश्न : क्वार्टर फायनलमध्ये आठ टीम असतात. मग ती पाव कशी?

उत्तर : दादा, टीम मोजू नका, मॅच मोजा. त्या फेरीत चार मॅच असतात, त्यातली प्रत्येक एक क्वार्टर फायनल. सेमीच्या दोन, फायनल एक. म्हणून २०११ च्या वर्ल्ड कपला अहमदाबादला आपण ऑस्ट्रेलियाला हरवलं ती चारातली एक. पेपरात त्याला उपांत्यपूर्व फेरी लिहितात, म्हणजे उपांत्यच्या आधीची, त्यात चाराचा संबंधच राहत नाही आणि गोंधळही होत नाही.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, क्लायंट अमेरिकन. त्यानं कॉल 'क्वार्टर ऑफ फाइव्ह' ला ठेवला, मी सव्वापाच समजून बसलो आणि कॉल संपल्यावर जॉइन झालो. चूक माझी का त्याची?

उत्तर : कुणाचीच नाही, पण तो पावणेपाच म्हणत होता. अमेरिकेत 'ऑफ' लावलं की वाजायला पंधरा मिनिटं कमी, आणि 'आफ्टर' लावलं की पंधरा जास्त. त्यामुळे पुढच्या वेळी मेलवर आकड्यात लिहून घ्या, ४:४५ म्हणून. आणि ऑफिसात क्यू-वन म्हणतात ते पण नीट विचारून घ्या हां, आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणून पहिली तिमाही एप्रिल ते जून, तिकडच्या सरकारचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि बऱ्याच कंपन्यांचं जानेवारीला.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, इंग्लिश मीडियम. त्याला 'पावणेसहाला ये' म्हटलं की सहा वाजून पंधराला येतो. त्याला क्वार्टर टू कळतं, पावणे कळत नाही. वर विचारतो, वडापावातला पाव पण क्वार्टरच का? काय सांगू?

उत्तर : हे पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तुमचा एकटाच नाही, माझ्या बहिणीची दोन्ही मुलं अशीच आहेत. त्यांची चूक नाही, त्यांच्या कानावरच पडत नाही.

आधी सोपं. वडापावातला पाव वेगळा, तो पोर्तुगीजांच्या पांव वरून आला, त्यांच्या भाषेत पांव म्हणजे ब्रेड. पावकिलोमधला पाव संस्कृतच्या पाद वरून, पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. इंग्रजीत पण जनावराच्या मागच्या भागाला हाइंडक्वार्टर्स म्हणतात, फक्त तिथे वाट उलटी, आधी चौथा हिस्सा आणि मग त्यावरून जनावराच्या भागाचं नाव.

आता त्याला हे सांगा. पाद आणि ऊन, ऊन म्हणजे कमी, पाव कमी ते पादोन, त्याचं झालं पाऊण आणि पावणे. पावणेसहा म्हणजे सहाला पाव कमी. आणि सपाद म्हणजे पावासकट, त्याचं झालं सव्वा. इंग्रजीला सव्वा म्हणायला एक शब्द नाही हो, 'वन अँड अ क्वार्टर' असं लांबलचक म्हणावं लागतं, आपल्याकडे सव्वा, दीड, अडीच, एकेका शब्दात काम होतं. सव्वाशे म्हटलं की १२५, पाऊणशे म्हटलं की ७५, कॅल्क्युलेटर नको. आमचे आजोबा तर संध्याकाळी दिवा लावला की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे म्हणून घ्यायचे, औट म्हणजे साडेतीन, आणि मध्येच अडवून विचारायचे, सतराची पावकी किती, सव्वाचार म्हटल्याशिवाय जेवायला उठता यायचं नाही. तेव्हा रडायला यायचं, आज बाजारात तोच हिशेब तोंडावर असतो.

पाढे लगेच नका मागे लावू, पोरगं पळून जाईल. आज रात्री गरम भाकरी त्याच्याच हातात द्या आणि चार तुकडे करायला सांगा. एक तुकडा म्हणजे चतकोर, दोन म्हणजे अर्धी, आणि तीन ताटात ठेवले की विचारा पूर्ण व्हायला किती कमी आहे. एक चतकोर कमी, म्हणजे पाऊण भाकरी. मग चौथा तुकडा तुम्ही खा आणि घड्याळाकडे बोट दाखवून विचारा, मोठा काटा नवावर असला तर सहाला किती कमी?