किंमत कोण मोजणार?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आजीला तिच्या आजाराचं खरं नाव सांगितलं नाहीस आणि आता ऑफिसात न झालेल्या तपासणीखाली तुझी सही मागताहेत. त्यावर तू लिहितोस, 'एकदा खोटं बोललोच आहे, आता तत्त्वाच्या गोष्टी कुठल्या तोंडाने करू?' वाचून आधी जीव कळवळला, मग रागच आला. आजीची काळजी ही त्या सहीसाठी सबब म्हणून वापरतोयस, हे तुला दिसत नाही का?

तत्त्वं लवचीक हवीत की अटळ, हा वाद बाजूला ठेव. आधी एवढंच विचार: किंमत कोण मोजणार?

कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. हा सत्यव्रती तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीने माणसं रानात लपली होती. ती कुठे गेली असं विचारल्यावर याने खरं ते सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. व्रत त्याचं, पुण्याची आस त्याची, जीव मात्र दुसऱ्यांचे. त्याआधी द्रोणपर्वात युधिष्ठिर 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने म्हणतो आणि 'हत्ती' हे पुटपुटतो. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ तेव्हा खाली टेकला. विजय त्याचा, किंमत द्रोणांनी मोजली. एक वाकला नाही, दुसरा वाकला. पण दोघांनीही भार दुसऱ्याच्याच अंगावर टाकला.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली लिहिलं की खुनी दारात येऊन मित्राचा पत्ता विचारत असला, तरी खोटं बोलायचा हक्क आपल्याला नाही. त्याच काळातल्या बेंजामिन कॉन्स्टन्ट या फ्रेंच विचारवंताचं म्हणणं त्याच्या उलट: सत्यावर ज्याचा हक्कच नाही, त्याला ते सांगायचं कर्तव्यही नाही. खुन्यापुरता मी कॉन्स्टन्टच्या बाजूने आहे. पण हेच वाक्य ऑफिसात आलं की भलतं सोयीचं होतं. कुणाचा हक्क आहे आणि कुणाचा नाही, हे मग ज्याला लपवायचंय तोच ठरवायला लागतो. म्हणून मी पुन्हा तेच विचारतो, किंमत कोण मोजणार?

माझ्या नोकरीत एका जिवलग मित्राने अर्जावर मागच्या तारखेचा शिक्का मागितला. मुदत आदल्याच दिवशी संपली होती. तारखेचा शिक्का माझ्या टेबलावर, त्यातला आकडा नुसता एक घर मागे फिरवायचा. मी नाही म्हटलं. त्याची संधी गेली आणि आमचं बोलणं कायमचं तुटलं. लोकांनी मला ऐकवलं, 'तत्त्व तुझं, किंमत त्याने मोजली.' फार लागलं ते, कारण माझाच प्रश्न माझ्यावर उलटवला होता. पण नाही! यादीत त्याच्या मागे कुणीतरी होतं, वेळेत अर्ज देऊन बसलेलं. त्या माणसाचा चेहरा मला माहीत नव्हता, मित्राच्या डोळ्यांतलं पाणी समोर दिसत होतं. एवढाच काय तो फरक. मैत्री गेल्याची हळहळ अजून वाटते. तरी तोच प्रसंग पुन्हा आला तर मी तो आकडा मागे फिरवणार नाही. हट्टी म्हण हवं तर.

आता तुझ्या सहीचं बोल. साहेबांची मुदत सांभाळली जाईल, तुझं नाव होईल, आणि तपासणी झाली आहे असं धरून जो ती वस्तू वापरेल तो किंमत मोजेल. तो त्या बैठकीत नसतो, कधीच नसतो. 'आजवर काही झालं नाही' असं ते म्हणतील. तू भाषण देऊ नकोस, कुणाला लाजवू नकोस. कागदावर 'तपासणी झालेली नाही' एवढं लिही, खाली आजची तारीख टाक.

आजीचं वेगळं आहे. तिने अजून विचारलेलं नाही आणि न विचारलेलं तिच्या माथी मारायची गरज नाही. पण तिने सरळ विचारलं आणि तिचं रडणं तुला बघवत नाही म्हणून तू टाळलंस, तर त्याला दया म्हणू नकोस. कुणाला भेटायचं असेल, काही सांगायचं, कुणाच्या हाती द्यायचं असेल. तो वेळ तिचा आहे, आणि तो तू खर्च करशील. तेव्हा ती जेवढं विचारेल तेवढं खरं सांग, आणि सांगून झाल्यावर लगेच उठून जाऊ नकोस.

साहेब काय म्हणाले ते कळव. चिडले असतील तर तेही लिही.