पान ओलं असताना नको

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात दोन गोष्टी सांगितल्यास. तंबाखूचं तरू, म्हणजे लावणीची रोपं, वाफ्यातच कुजायला लागलंय आणि सूनबाईला पाचवा महिना लागलाय. पहिलीवर मी दहा मिनिटं बोललो, दुसरीवर 'बरं झालं, जपा' एवढंच. फोन ठेवल्यावर तुझी काकू म्हणाली, नेमकं उलटं बोललात. म्हणून हे पत्र.

तरी आधी तरूचं संपवतो, कारण ते सोपं आहे. तू बी दाट फेकलंस. तंबाखूचं बी म्हणजे धूळ. एका ग्रॅमात दहा-बारा हजार दाणे. आपण तीन फूट बाय अडीच फुटांवर लावतो, म्हणजे एकराला सहा हजारांच्या आत रोपं पुरतात. चिमटीचं काम तू मुठीनं केलंस. दाटीत वारा शिरत नाही, त्यात आठ दिवस झड, मग बुंधा काळा पडून रोप आडवं होणारच. कुजलेला तुकडा मातीसकट उचलून लांब टाक, उरलेलं विरळ कर, वाफ्याभोवतीचा चर खोल कर आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण दे. वाचेल तेवढं वाचेल. नवीन वाफा टाकायच्या फंदात पडू नकोस. त्याला लावणीजोगं व्हायला सहा-सात आठवडे लागतात. कमी पडलं तर कुणाकडून तरी विकत घे.

आता रानाचं. आपलं खालचं रान वेदगंगेला लागून. २०१९ ला आणि २०२१ ला यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं, ते तू पुलावरून मोबाइलवर टिपत होतास, मी बांधावर उभा राहून रोपं मोजत होतो. उसाला चार दिवस पाणी चालतं, तंबाखूला नाही. गंमत अशी की ती पाण्यात मरताना दिसत नाही. आभाळ आहे तोवर हिरवीगार उभी असते. मग पाऊस उघडतो, कडक ऊन पडतं, सगळे म्हणतात सुटलो, आणि त्याच दुपारी अख्खी पट्टी मान टाकते. खाली मुळं गुदमरलेली असतात, वरून ऊन पाणी मागतं, ते येणार कुठून? तेव्हा चर पाऊस यायच्या आधी काढायचे. पाऊस आल्यावर फावडं घेऊन पळणारा मीही होतो, त्याचा उपयोग नसतो. खालच्या रानात यंदा लावूच नकोस. वरचं एक एकर लाव, बाकीचं मोकळं ठेव. दसऱ्याच्या सुमाराला शाळू नाहीतर हरभरा टाकता येईल.

एकच एकर का, ते सांगतो. बोटावर मोज. ऑगस्टमध्ये लावण झाली की दोन महिन्यांनी शेंडा खुडायला येतो, म्हणजे ऑक्टोबर. शेंडा खुडला की प्रत्येक पानाच्या बगलेत फूट येते, ती दर आठ-दहा दिवसांनी काढावी लागते, नाहीतर पानात जाडी भरत नाही. सूनबाईला तेव्हा आठवा असेल. आणि तोडणीला, डिसेंबरच्या पुढेमागे, घरात बाळंतीण. तीन एकरांच्या बगलफुटी तू एकटा काढू शकत नाहीस. मजूर मिळाले नाहीत की तू काही बोलणार नाहीस, आणि ती न सांगता कमरेला पदर खोचून रानात येईल. मला माहीत आहे, कारण तुझी काकू आली होती.

१९८० सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा, तिला सातवा. ऑक्टोबरात सकाळी दव इतकं की पानावरनं हात फिरवला तर कोपरापर्यंत ओघळ येतो. शेंडा खुडायला सकाळचीच वेळ बरी, म्हणून आम्ही उजाडता उजाडता रानात. नऊ वाजेपर्यंत तिच्या चोळीच्या बाह्या आणि पोटावरचं लुगडं भिजून काळपट-हिरवं, हाताला डिंकासारखा चिकटा. दहाला ती बांधावर बसली. डोकं गरगरतंय म्हणाली, मग उलट्या. घरात सगळ्यांनी एकच म्हटलं, डोहाळे. सातव्या महिन्यात कसले डोहाळे, हे विचारायची अक्कल कुणालाच नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गावातली सुईण आली, तिनं पोटाला हात लावायच्या आधी तिचे तळवे हुंगले आणि विचारलं, "दवात गेली होतीस व्हय? तुला तंबाखू लागलीया."

आपण 'तंबाखू लागली' हे पहिल्यांदा चिमूट खाल्लेल्या पोराबद्दल हसत बोलतो. पण ती तोंडातूनच लागते असं नाही. ओल्या पानातलं निकोटिन पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. दव, पाऊस, घाम, तिन्हींत. मळमळ, चक्कर, उलटी, अशक्तपणा. आम्ही तिला तीन दिवस लिंबू-साखरेचं पाणी पाजून पुन्हा त्याच ओल्या रानात पाठवलं होतं. जानेवारीत मुलगी झाली, सव्वादोन किलोची. त्यामुळेच लहान झाली असं मी म्हणत नाही. पण आजही तुझ्या या ताईच्या वजनाचा विषय निघाला की तुझी काकू माझ्याकडे बघत नाही, तेवढं मला दिसतं.

म्हणून सूनबाई रानात नको. 'जड काम नको, बसून काम चालेल' असलं काही नको, तंबाखूच्या पट्टीतच नको. आणि तू स्वतः जाशील तेव्हा दव उतरल्यावर जा, पाऊस पडून गेला असेल तर पान सुकू दे. दिवस मोडला तर मोडू दे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात रबरी मोजे. घरी आलास की तडक न्हाणीत, साबण लावून, आणि ते कपडे वेगळ्या बादलीत तूच धुवायचे. तिनं नाही.

आता नाजूक विषय. तुझ्या आईची मिश्री. आपल्याकडे विकायची तंबाखू वेगळी आणि 'घरापुरती' वेगळी. परड्यातली चार झाडं, घरचं पान, त्याचा काय तो अभिमान. माझी आई खापरावर पान काळं होईस्तोवर भाजायची, अख्खं घर खोकायचं आणि ती म्हणायची, आता उतरली बघ. दिवस गेलेल्या सुनांना तीच मिश्री प्रेमानं दिली जायची, कळ थांबते, दात घट्ट होतात म्हणून. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही. पोटुशी बाई तंबाखू लावते किंवा खाते तेव्हा मूल कमी वजनाचं होण्याची, कधी पोटातच जाण्याची भीती वाढते, हे आता कुठलाही डॉक्टर सांगेल. आईला तू सांगू नकोस, भांडण होईल. मी येऊन सांगतो. माझं ऐकतील, कारण मी चाळीस वर्षं खाल्ली आणि दाढांसकट सोडली.

वाळलेल्या मालाचंही तेच. तुमच्या माजघरात बोद, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, रचायची जुनी सवय आहे. यंदा गोठ्यातली पडवी मोकळी कर, खाली फळ्या, वर ताडपत्री. तोडणीच्या वेळी अवकाळीचं आभाळ दिसलं तर कापायची घाई करू नकोस. उभी तंबाखू दोन दिवस थांबते, कापून जमिनीवर पसरलेली भिजली की रंग जातो आणि व्यापाऱ्याला बोलायला तोंड मिळतं.

पैशाचं एवढंच की बाळंतपणाचा खर्च तंबाखूवर धरू नकोस. तंबाखू बोर्ड आहे तो आंध्र-म्हैसूरकडच्या व्हर्जिनियासाठी, म्हणजे सिगारेटच्या तंबाखूसाठी. आपल्या बिडीच्या तंबाखूला ना हमीभाव ना लिलाव. दरासाठीच १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या मागे आपण सगळे निपाणीजवळ हमरस्त्यावर बसलो होतो. मीही भाकरी बांधून तिथंच मुक्काम केला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, आपली माणसं गेली. मी त्या दिवशी तिथं नव्हतो. ताईला ताप होता म्हणून आदल्या रात्री घरी आलो होतो. त्या वर्षीच्या मालाचे पैसे हातात आले तेव्हा ती रांगत होती. दवाखान्याचं बिल तुझ्या आजोबांनी म्हैस विकून भागवलं होतं. तुझ्या दोन म्हशी आहेत, डिसेंबरपर्यंत त्यातली एकही विकू नकोस.

रविवारी उघडीप असली तर तरू बघायला येतो. काकू नाचणीचं पीठ आणि डिंक देणार आहे, डबा रिकामा करून ठेव. आणि मोजे मी निपाणीतून आणतो, तुझ्या हाताचं माप कळव.

तुझा काका