चित्रांचं वेळापत्रक: सुरुवात तीनच चित्रांनी

ताई, ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवायचा, तर पहिल्याच दिवशी उठल्यापासून झोपेपर्यंतचा तक्ता भिंतीवर लावू नका. मूल गोंधळतं आणि तक्ता धूळ खात पडतो. तीनच चित्रं घ्या: दात घासणं, आंघोळ, नाश्ता. फोटो घरातलेच हवेत, म्हणजे त्याचाच निळा ब्रश, तुमचीच बादली. लॅमिनेट करून मागे वेल्क्रो लावा आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर वरून खाली ओळीने चिकटवा. काम झालं की मुलानेच चित्र काढून 'झालं' लिहिलेल्या डब्यात टाकायचं. हे बरेच जण गाळतात आणि तिथेच बिघडतं. चित्र समोरच राहिलं तर काम संपलं हे मुलाला कळत नाही.

घड्याळाची वेळ लिहू नका. '८ वाजता रिक्षा' लिहिलं आणि रिक्षावाले काका ८.१० ला आले, तर ती दहा मिनिटं फार जड जातात. 'नाश्त्यानंतर रिक्षा' एवढंच पुरे.

ठरलेलं बदललं की होणाऱ्या या त्रासाला हट्ट म्हणू नका हो. सारखेपणाचा आग्रह २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांतच आहे.

आज काहीतरी वेगळं होणार हे सांगणारं, वेगळ्या रंगाचं 'बदल' कार्ड मात्र आधीच शिकवा, तेही आनंदाच्या बदलाने: अभ्यासाऐवजी झोका, आठवड्यातून दोनदा. गणपतीत घर पाहुण्यांनी भरल्यावर ते पहिल्यांदा दाखवलं, तर ती संकटाची खूण होऊन बसते. शाळेला सुट्टी असेल तर आदल्या संध्याकाळीच मुलासमोर शाळेचं चित्र भिंतीवरून काढा आणि त्या जागी दुसरं लावा. जागा रिकामी ठेवू नका.