मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज कोणी काढलं? ते फक्त ख्रिश्चनांसाठी आहे का?

आमच्या लातूर-नांदेडकडं झेवियर्सचं नाव सगळ्यांना ठाऊक, इतिहास फारसा कुणी विचारत नाही. १८६९ मध्ये जर्मन जेझुइट (म्हणजे कॅथलिक ख्रिश्चनांमधल्या एका धर्मसंघाच्या) पाद्र्यांनी ते काढलं. गंमत बघा, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांनाच शत्रू देशाचे म्हणून पकडलं, मायदेशी धाडलं. पुढं स्पॅनिश जेझुइटांनी कॉलेज सांभाळलं. त्यांच्यातलेच फादर हेरास. १९२६ मध्ये त्यांनी इतिहास संशोधनाची संस्था काढली आणि सिंधू लिपीचा ध्यास घेतला. स्विस फादर ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियमही तिथंच, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या झाडपाल्याचा मोठा खजिना! २०१० मध्ये कॉलेजला स्वायत्तता मिळाली, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवायची मुभा. आणि हो, अल्पसंख्याक संस्था असली तरी इतर धर्माच्या पोरांनाही प्रवेश मिळतो. बिनधास्त फॉर्म भरा.