'मजहबी शीख' म्हणजे कट्टर शीख का?

प्रश्न असा आलाय की अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाच्या (म्हणजे त्यांच्या आरक्षणात आतले वेगळे वाटे पाडण्याच्या) बातम्यांत "बाल्मिकी आणि मजहबी शीख" असं वाचलं, मजहबी म्हणजे धार्मिक, मग हे जास्त कट्टर शीख आहेत का, आणि तसं असेल तर त्यांचं नाव अनुसूचित जातींत कसं, शिखांमध्ये तर जात मानत नाहीत ना?

कट्टरपणाचा इथे काही संबंध नाही. मजहबी हे पंजाबातल्या एका जातीचं नाव आहे. झाडलोट आणि मैला उचलण्याचं काम पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यावर लादलं गेलं त्या चूहडा समाजातले जे लोक शीख झाले ते मजहबी, आणि त्याच समाजातले जे हिंदू राहिले ते बाल्मिकी, म्हणून बातमीत ही दोन नावं जोडीनं येतात. शब्द मूळ अरबी, फारसीमार्गे आलेला, मजहब म्हणजे पंथ, श्रद्धेचा मार्ग, मजहबी म्हणजे त्या मार्गावरचा माणूस. बोलताना पंजाबात "मझबी" ऐकू येतं. आपल्याकडे मराठीत हा शब्द "मजहबी उन्माद" अशाच जोडीत वाचायची सवय झालीये त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे.

आता हे नाव मुळात मानाचं आहे, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. 1675 साली दिल्लीत गुरु तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला, तेव्हा त्यांचं शीर लपवून आनंदपूरला पोचवणारा माणूस भाई जैता, तो याच समाजातला. परंपरा सांगते की पुढे दहावे गुरु झालेल्या गोबिंदरायांनी त्याला छातीशी धरलं आणि म्हणाले, "रंगरेटे गुरु के बेटे", म्हणजे रंगरेटे (या समाजातले शीख) ही गुरूंची मुलं. नंतर अमृत घेऊन, म्हणजे शीख दीक्षा घेऊन, तो जीवन सिंग झाला आणि मोगल फौजेशी झालेल्या चमकौरच्या लढाईच्या त्या काळात लढताना गेला. रंगरेटा हा शब्द आजही हा समाज अभिमानाने लावतो. म्हणजे गुरूंनी मुलगा म्हटलं, लोकांनी श्रद्धावान असं नाव दिलं, आणि तरी दोन-तीनशे वर्षांत त्या नावाला जुन्या नावाचाच अर्थ चिकटला.

असं फक्त याच शब्दाचं झालंय असं नाही. रामदासिया हे नाव चौथ्या गुरु रामदासांवरून, पण ते लागतं चमार समाजातून शीख झालेल्यांना, खास करून विणकाम करणाऱ्यांना. रामगढिया हे सुतार-लोहार-गवंडी यांचं नाव, अठराव्या शतकातल्या सरदार जस्सासिंग रामगढियांवरून. आहलुवालिया म्हणजे मूळचे कलाल, दारू गाळणारे. पण आहलुवालियांकडे कपूरथळ्याचं राज्य आलं आणि कलाल हा शब्द मागे पडला, आज आहलुवालिया आडनाव ऐकून कुणाला दारूची भट्टी आठवत नाही. मजहबींना राज्य सोडा, जमीनसुद्धा मिळाली नाही, आणि माझ्या मते नावाचं पुढे काय होतं हे यावरच ठरतं. 1900 च्या इंग्रजांच्या जमीन-हस्तांतर कायद्याने पंजाबात शेतजमीन विकत घेण्याचा हक्क "शेतकरी जमातीं"च्या यादीपुरता ठेवला आणि दलित जाती त्या यादीबाहेर राहिल्या. जमीन जट्टांकडे (पंजाबीत जट्टच म्हणतात, आपण जाट लिहितो), आणि मजहबी त्यांच्या शेतावर सीरी, म्हणजे सालगडी. गावाबाहेरची त्यांची वस्ती ती वेहडा, आणि "वेहडेवाले" म्हटलं की जात वेगळी सांगावी लागत नाही. 1961 च्या कायद्यानं गावच्या सामायिक जमिनीपैकी खंडानं द्यायच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, पण लिलावात कुणा दलिताला नावापुरतं उभं करून जमीन पुन्हा मोठ्या शेतकऱ्याकडेच जाते अशा तक्रारी गावोगाव आहेत, संगरूर जिल्ह्यात तर 2014 पासून या जमिनीसाठी संघटना करून लढा चालू आहे.

शिखांत जात मानत नाहीत ना, याचं उत्तर: ग्रंथात मानत नाहीत, आणि हे पोकळ बोलणं नाही. गुरु नानक म्हणतात "जाणहु जोति न पूछहु जाती", आतली ज्योत ओळखा, जात विचारू नका. लंगर, एका पंगतीत बसणं, 1699 मध्ये दीक्षा देताना एकाच बाट्यातलं (वाडग्यातलं) अमृत, सगळ्यांना सिंग आणि कौर, ही सगळी जात मोडायचीच व्यवस्था होती. आपल्या नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यातल्या एका पदात नामदेव सांगतात की मी हसत खेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत होतो, तर नाम्याला धरून उठवलं, "हीनडी जात मेरी जादिम राइआ", हे यादवराया माझी जात हीन, मला शिंप्याच्या पोटी का जन्माला घातलंस. हे पद ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ ज्या दरबारात विराजमान आहे, त्याच अमृतसरच्या दरबार साहिबात (सुवर्णमंदिरात) 12 ऑक्टोबर 1920 ला दलित शिखांनी आणलेला कडाह प्रसाद (शिऱ्याचा प्रसाद) घ्यायला पुजाऱ्यांनी नकार दिला! वाद झाला, शेवटी ग्रंथ उघडून हुकूम घेतला, तो त्यांच्या बाजूनं निघाला आणि प्रसाद स्वीकारला गेला, मग ही मंडळी आवारातल्याच अकाल तख्ताकडे, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडे, निघाली तर तिथले पुजारी जागा सोडून निघून गेलेले. त्या घडामोडींतूनच महिनाभरात गुरुद्वारांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी राहिली.

म्हणजे सुधारणा झाल्या, लढून झाल्या. तरी आजही पंजाबात कितीतरी गावांत जट्टांचा गुरुद्वारा वेगळा, मजहबींचा वेगळा, स्मशानं वेगळी, आणि लग्नाच्या जाहिरातींत जट्ट सिख, रामगढिया, खत्री असे रकाने. काही निहंगांच्या (शस्त्रधारी शीख पंथाच्या) डेऱ्यांत दलित शिखांना "चौथा पौडा", चौथी पायरी, म्हणतात आणि त्यांचा अमृताचा बाटा वेगळा ठेवतात, एकाच बाट्यातून पिणं हाच ज्याचा गाभा त्या विधीत. जालंधरजवळच्या तल्हण गावात 2003 साली दलितांनी तिथल्या धर्मस्थळाच्या कमिटीत जागा मागितली तर त्यांच्यावर बहिष्कार पडला आणि पुढे दंगल झाली. पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार जवळजवळ 32 टक्के आहे, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वात जास्त, आणि तिथे पहिला दलित मुख्यमंत्री व्हायला 2021 उजाडावं लागलं. चरणजितसिंग चन्नी, रामदासिया शीख.

यादीचं म्हणाल तर 1950 च्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंमध्ये धरल्या होत्या, अपवाद पंजाबकडच्या चार: मजहबी, रामदासी, कबीरपंथी, सिकलीगर. धर्मानं शीख असले तरी त्यांना सवलती मिळाल्या, आणि ही मागणी शीख पुढाऱ्यांनीच लावून धरली होती. 1956 ला हे सगळ्या दलित शिखांना लागू झालं, बौद्धांना 1990 ला. मग त्यांच्यातही मजहबी-बाल्मिकी मागे राहतात म्हणून पंजाब सरकारने 1975 ला अनुसूचित जातींच्या राखीव जागांतल्या निम्म्या जागी त्यांना प्राधान्य दिलं, तोच वाद कोर्टात जाऊन 1 ऑगस्ट 2024 चा सुप्रीम कोर्टाचा उपवर्गीकरणाचा निकाल आला. तुम्ही वाचलेल्या बातम्या त्याच्या.

मराठी वाचकाला हे समजायला "नवबौद्ध" शब्द पुरेसा आहे. बाबासाहेबांनी लोकांना बुद्ध धम्म दिला आणि सरकारी योजनांत "अनुसूचित जाती व नवबौद्ध" असं छापून आलं, आता नवबौद्ध म्हटलं की ऐकणारा काय समजतो ते सांगायला नको. बाबासाहेबांनी 1936 मध्ये शीख धर्माचाही गंभीरपणे विचार केला होता, त्या एप्रिलमध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते.

लिहिताना "मजहबी शीख" असंच लिहा, कंसात धार्मिक किंवा कट्टर असा अर्थ देऊ नका, आणि हिंदीतून भाषांतर करताना मजहबीचं "धर्मनिष्ठ" केलेलं दिसलं तर दुरुस्त करा, कारण तसं केलं की ज्यांच्या हक्काची ती बातमी आहे ते लोकच वाक्यातून गायब होतात. विषय जातीचा नसेल तर नुसतं शीख.