अवघड पेपर म्हणजेच चांगला पेपर का?

तुमची मुलगी सहावीत आहे, युनिट टेस्टला गणिताचा पेपर भयंकर अवघड आला, आणि टीचर म्हणतात की अवघड पेपर म्हणजेच चांगला पेपर, हे खरं का असं विचारलंय तुम्ही. नाही हो, अजिबात नाही. मी फोंड्याच्या बाजूला हायस्कूलमधे गणित शिकवतो, पेपर काढणं-तपासणं हे नेहमीचंच, म्हणून सांगतो, अवघड पेपर काढायला फार डोकं लागत नाही, सिलॅबसबाहेरचं एखादं गणित टाकलं की झालं काम. डोकं लागतं ते मार्क गेला तर कशामुळे गेला हे कळेल असा प्रश्न काढायला.

आता हे बघा. 0.5, 0.35 आणि 0.125 यातली सगळ्यात मोठी संख्या कुठली? सरळ प्रश्न वाटतो ना? ज्या पोरांना वाटतं की आकडे जास्त म्हणजे संख्या मोठी ती 0.125 लिहितात, म्हणजे सापडली. पण काही पोरांचा समज बरोब्बर उलटा असतो, दशांश चिन्हाच्या पुढे आकडे कमी तर संख्या मोठी, आणि ती 0.5 लिहून पूर्ण मार्क घेऊन जातात, घोळ तसाच डोक्यात ठेवून. तोच प्रश्न 0.4, 0.62 आणि 0.385 असा विचारा. पहिला घोळ असलेला 0.385 म्हणेल, दुसरा 0.4 म्हणेल, आणि ज्याला खरंच कळलंय तोच (किंवा अंदाजे ठोकणारा) 0.62 म्हणेल. प्रश्न अवघड झाला का? नाही. पण चांगला झाला.

दुसरी भानगड भाषेची, आणि गोव्यात ती फार आहे. सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोंकणी माध्यमाची, आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी. मग नफा-तोट्याचं चार ओळींचं इंग्रजी गणित बघून पोरगं कोरा कागद देतं, आणि तेच गणित तोंडी कोंकणीतून सांगितलं की बोटं मोजत मोजत उत्तर सांगून मोकळं! मग तो पेपर गणिताचा होता की इंग्रजीचा? ताप बघायला माणसाला वजनकाट्यावर उभं करण्यातला प्रकार. वेळेचंही तसंच, शेवटचे दोन प्रश्न अर्ध्या वर्गाने कोरे सोडले असतील तर तिथे गणित नाही, लिहायचा स्पीड तपासला गेला.

तपासणीचं तर विचारूच नका. 1913 साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांना तपासायला दिली, तर कोणी 100 पैकी 28 दिले आणि कोणी 90 च्या वर! भूमितीत ही गत, मग निबंधाचं काय होत असेल. म्हणून स्टेपनुसार मार्क आधी ठरवायचे आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासून झाला की मगच दुसऱ्याला हात घालायचा, नाहीतर एका पोराचं सुंदर अक्षर बघून पुढच्या सगळ्या प्रश्नांना हात सैल सुटतो.

पेपर झाल्यावरसुद्धा प्रश्न तपासता येतो. एकूण मार्कांप्रमाणे वरची 27 टक्के आणि खालची 27 टक्के मुलं घ्यायची, एकेक प्रश्न दोन्हीकडे कितीजणांना आला ते मोजायचं. वरच्यांना चुकला आणि खालच्यांना आला असं दिसलं तर समजायचं की प्रश्नाचे दोन अर्थ निघतायत किंवा उत्तरसूचीच चुकलीय. वरच्यांनाही नाही आणि खालच्यांनाही नाही असा प्रश्न कितीही अवघड असला तरी कोणाला येतंय नि कोणाला नाही ते काहीच सांगत नाही. हे किती शाळांत करतात ते सोडा. (निगेटिव्ह मार्किंगने, म्हणजे चुकीच्या उत्तराला मार्क कापल्याने, अंदाजे ठोकणं बंद होतं हाही एक गैरसमज. मेडिकल प्रवेशाच्या NEET परीक्षेत बरोबर उत्तराला +4 आणि चुकीला -1, चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी पाव मार्क पदरात पडतोच.)

तुम्ही आता एवढं करा, मुलीची उत्तरपत्रिका मागून घ्या आणि चुकलेलं एकेक गणित तिला मराठीतून वाचून दाखवा, घड्याळ न लावता. किती आपोआप सुटतात बघा. त्यातूनही जी अडतील तेवढीच तिला शिकवायची आहेत, आणि बाकीच्यांबद्दल टीचरशी बोला, मार्क वाढवून मागायला नको, फक्त प्रश्न समोर ठेवून विचारा की यातून नक्की काय तपासायचं होतं.